दोर तोडणारी जाईबाई

जाईबाई परभणीकडची. ऐंशी सालानंतर नवऱ्यासोबत, नामासोबत, ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात आली. नामा क्रेननं उतरवलेले पत्रे रचायचा, ती त्याच यार्डात भंगार वेचायची.

एका सकाळी ट्रकमधून जाड पत्रे उतरत होते. क्रेनच्या लोखंडी दोरातल्या तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. तिनं मुकादम नंदकिशोरला ते दाखवलं.

"दोर गेलाय. बदला."

"काल पण हाच होता. काय झालं? जा, भंगार वेच तू."

थोड्याच वेळात दोर तुटला. सुटलेलं टोक चाबकासारखं फिरून पंढरी हमालाचा गाल फाडून गेलं. पत्रा आदळला तो नामाच्या पायावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हमाल त्याच्या काखेत हात घालून ओढू लागले, तशी जाईबाईनं त्यांना ढकललं.

"वढू नका. पाय तुटून यील. आधी पत्रा उचला."

लुगडं फाडून तिनं त्याची मांडी करकचून बांधली. जॅकनं पत्रा उचलेस्तोवर नामा ओरडत होता, मग बेशुद्ध पडला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ती यार्डात परतली तेव्हा तसल्याच झिजलेल्या दोरानं माल उतरत होता. तिनं छन्नी-घण उचलला आणि जमिनीवर पडलेले जुने दोर एकामागून एक तोडायला घेतले. नंदकिशोरनं तिला केसांना धरून फरफटवलं, पाठीत सळई घातली. तिनं घण फिरवला. त्याचं मनगट मोडलं.

क्रेनवाला शिवा इंजिन बंद करून खाली उतरला. "मी नाय उचलत आता."

पोलिसांनी जाईबाईला दिवसभर चौकीत बसवलं. इकडे ट्रकांची रांग लागली, तेव्हा शेठनं नवे दोर आणवले.

पुढे रोज सकाळी ती दोरावरून चिंधी फिरवायची. चिंधी तुटक्या तारेत अडकली की दोर तिथंच तोडायची. लटकत्या मालाखाली कुणी उभा दिसला की दगड मारायची. बंडू हमालाचं कपाळ त्यातच फुटलं.

नामाला हे पटत नसे. "मान्सं येडी म्हनत्यात तुला."

"म्हनू दे. दोन पायांवर उभं राहून म्हनत्यात ना?"

नामा कुबडी घेऊन चुलीकडे गेला.