धसकेसरांचा धक्का

यंत्र बिघडलेलं असलं की धसकेसर निवांत असायचे. चहा मागवायचे, चष्मा पुसायचे, एखादं जुनं गाणंही गुणगुणायचे. ते नीट चालायला लागलं की मात्र त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "लय बेस चालून राह्यलं वं," ते पडद्याकडे बघत पुटपुटायचे, "काहीतरी चुकून राह्यलं आपलं." नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या माणसाला डॉक्टरकडे न्यायला हवं. पुढे त्यांच्या हाताखाली काम करता करता मलाही तसाच घाम यायला लागला, तेव्हा डॉक्टरचा विचार मी सोडून दिला.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. धसकेसर हे नाव आम्ही शिकाऊ पोरापोरींनी ठेवलेलं, आणि ते इतकं रुळलं की एकदा बाहेरून आलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांनी भर सभेत त्यांना 'मिस्टर धसके' अशी हाक मारली. सर उठले, नम्रपणे नमस्कार करून त्यांनी सगळी माहिती दिली आणि बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाले, "नाव बराबर ठेवलं बाप्पा तुम्ही. आधार कार्डावर बदलाचं तेवढं राह्यलं."

आमचं केंद्र उंद्रीच्या पुढे माळावर होतं. काटकोनात टाकलेल्या दोन लांब नळ्या, आतली हवा काढून घेतलेली, टोकांना काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेले आरसे, आणि त्यांच्यामध्ये सतत ये-जा करणारा लेसरचा प्रकाश. दूर कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशालाच लाट येते. ती पृथ्वीवरून जाते तेव्हा आरशांमधलं अंतर अणूपेक्षाही कितीतरी कमी बदलतं, आणि तेवढं मोजायचं. खरं मोठं यंत्र दुसरीकडे व्हायचं होतं, आमचं हे माणसं शिकवण्यापुरतं लहान. गावकरी त्या जागेला नुसतं 'नळ्या' म्हणत. पिंपळगाव राजाला, आमच्या गावी, कोणी विचारलं की माझी आईही तेच सांगायची, "पोरगी नळ्याइवर हाये कामाले."

रोज सकाळी तो प्रकाश दोन्ही आरशांमध्ये धरून ठेवायचा, हे आमचं पहिलं काम. त्याला आम्ही 'लॉक लागला' म्हणायचो. रस्त्यावरून भरलेला ट्रॅक्टर गेला तरी तो सुटायचा. सोयाबीनचं थ्रेशर शेजारच्या शेतात आलं की सर स्वतः बांधावर जाऊन विचारायचे, किती वेळ चालेल, मध्ये कधी थांबाल. शेतकरी त्यांची फिरकी घ्यायचे. "काऊन साहेब, आरशाची झोप मोडते काय?" सर हात जोडायचे. "मोडते ना भाऊ. अन् मंग माही बी मोडते."

दुसरं काम म्हणजे धक्का. वाण्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा तर आधी त्यावर ठाऊक वजन ठेवून बघावं लागतं, तसंच हे. आरशावर एक वेगळा प्रकाश टाकून त्याला अगदी हलकेच ढकलायचं. तळहातावर पडलेलं ऊनही हाताला ढकलतच असतं, फक्त आपल्याला ते कळत नाही. किती ढकललं ते आम्हाला माहीत असायचं. यंत्र तेवढंच सांगतंय का, ते बघायचं. सर त्याला 'खोटा धक्का' म्हणायचे, आणि तो सुरू आहे हे विसरून जाण्याची त्यांना जिवापाड भीती. म्हणून पडद्यावर काहीही उमटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पयले सोताले इचारा. हे आपलंच त नाही ना?"

एकदा फार सुरेख लहर उमटली. आम्ही सगळे खुर्च्या सोडून उभे राहिलो. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. आमच्या एवढ्याशा यंत्राला तारे ऐकू येणं शक्य नव्हतं हे ठाऊक असूनही आमचं भान गेलं. सर पांढरेफटक. ते बाहेर गेले, कुंपणाला एक फेरी मारली आणि हसत परत आले. आमच्याच आवारातली पाण्याची मोटर नव्या पंपाला जोडली होती, ती घुमत होती. "आपलंच होतं!" असं त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की जणू घरी पेढे वाटायचे असावेत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेगावची कचोरी मिळाली.

त्यांच्या घरी गेलं की काकू त्यांना आमच्यादेखत सोलून काढायच्या. "लग्नात मंगलाष्टकं चालू होते, अन् हे माह्याकडे पाहाचं सोडून मांडवाचे बांबू पाहून राह्यले होते. पडते की काय म्हणून." सर मान खाली घालून पोहे खायचे. मग हळूच म्हणायचे, "एक बांबू खरंच ढिल्ला होता."

मग एका वर्षी दिवाळीनंतर जमिनीतून आवाज यायला लागले. आधी दूरवर सुरुंग उडाल्यासारखा दणका, मग भांडी वाजायची. आमच्या पूर्वेकडच्या नळीच्या टोकाला लागून एक वस्ती होती, दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं असलेली घरं. लोक घाबरले. अंगणात बाजा टाकून राहायला लागले. मीही घाबरले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शिकलेल्या माणसाला जमीन हलण्याची कारणं माहीत असतात, पण पायाखाली ती हलली की एकही कारण आठवत नाही.

लोक कुंपणाशी येऊन विचारायचे, "साहेब, आत्ता झालं ते काय होतं?" आमच्याकडे जमिनीची थरथर मोजणारी उपकरणं होती, त्यावरून सर सांगायचे: ही खदानीतली सुरुंगाची, ही जमिनीची. पुढे काय होईल ते कोणालाच सांगता येत नाही, हेही ते दर वेळी सांगायचे. वस्तीतल्या सुभद्राबाई सगळ्यात जास्त यायच्या. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली, घरात तान्ही नात. थंडी पडायला लागली होती, लेकराला बाहेर ठेववत नव्हतं आणि आत न्यायची हिंमत होत नव्हती.

त्यातच आमचा एक मोठा धक्का असायचा. जमिनीची ती उपकरणं तपासण्यासाठी पूर्वेच्या टोकाला एक वजनदार यंत्र जमीन हलवायचं, आणि ती थरथर वस्तीत जाणवायची. सरांनी ते काही दिवस बंद ठेवू द्या म्हणून वर कळवलं. वेळापत्रक बदलणार नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी आपल्यापुरता एक रिवाज पाडला. आदल्या दिवशी वस्तीतल्या दारोदार जाऊन सांगायचं, "उद्या आमचा धक्का आहे. भांडे वाजतीन. भेऊ नोका." आणि त्यातून एक भलतंच झालं, जे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. धक्क्याचा दिवस हा वस्तीला बिनघोर दिवस वाटायला लागला. आज जे हलेल ते साहेबाचंच, म्हणून बायका घरात जाऊन स्वयंपाक करायच्या, म्हातारी माणसं धाब्याखाली पाठ टेकायची.

अशाच एका दुपारी धक्का चालू होता. मी सरांच्या शेजारी बसले होते. एकदम खिडकीची काच वाजली. पडद्यावर आमच्याच थरथरीचा गोंधळ होता, त्यात वेगळं काही दिसेना. खात्री करायची तर नाल्यापलीकडे टेकडीशी पुरलेल्या उपकरणाकडे बघायचं. तिथवर आमचा धक्का पोचत नसे. पण तिथली नोंद यायला थोडा वेळ लागायचा, आणि सर नेहमी ती आल्याशिवाय तोंड उघडत नसत. त्या दिवशी कुंपणाशी सुभद्राबाई नातीला छातीशी धरून रडत उभ्या होत्या. "साहेब, लय जोरात झालं. हे तुमचंच व्हय ना? सांगा ना हो. घरात जाऊ ना?"

सर बाहेर गेले. त्यांना स्वतःची भीती सोसायची सवय होती, दुसऱ्याची सोसवत नसे. मी दारातून ऐकलं. "हाव बाई, आमचंच आहे. जा घरात. लेकराले ऊब द्या."

ते आत येऊन बसेपर्यंत टेकडीची नोंद आली होती. तिच्यावर तो दणका स्वच्छ उमटला होता. आमचा नव्हता. जमिनीचा होता, आणि आजवरचा सगळ्यात मोठा.

एवढा जपून पावलं टाकणारा माणूस तुरीच्या शेतातून पळत सुटला, आणि मी त्यांच्या मागे. मी सुभद्राबाईंच्या दारात पोचले तेव्हा ते ओरडत होते, "बाहेर या! आमचं नव्हतं ते! बाहेर या!" आत चुलीवर भाकरी होती. सून बाळाला पाजत होती. सुभद्राबाई हसल्या. "बसा साहेब, पाणी घ्या. तुमचं त रोजचंच आहे भेवाचं. तुम्हीच म्हणले ना आत्ता, आमचंच आहे म्हणून?"

जन्मभर भिणाऱ्या माणसाच्या भीतीवर त्या दिवशी कोणी विश्वास ठेवेना. सर हात जोडून विनवत होते आणि त्या समजूत घालत होत्या. मी वर धाब्याकडे बघितलं. आडव्या लाकडी सऱ्यांच्या फटीतून बारीक माती गळत होती, आणि मी उंबऱ्यातच थांबले. आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. सर आत गेले. बरोबर मधल्या सरीखाली मांडी घालून बसले, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, "तुम्ही नाही येत त मी बी नाही जात."

बोलताना त्यांचे दात वाजत होते. गुडघे धरलेले हात असे कापत होते की बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या. सुभद्राबाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी तवा उतरवला. "चाल वं सुनबाई," त्या म्हणाल्या, "घे लेकराले. हा माणूस मरून जाईन भेवानं." घरातली माणसं बाहेर आली ती साहेबाला वाचवायला.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे अंगणात बसून होतो. काही झालं नाही. कोणी चहा केला, कोणी थट्टा केली. सरांची नजर धाब्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर त्यांनी सगळ्या वस्तीला बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "काल म्या चुकीचं सांगतलं. न पाहता सांगतलं. याच्यापुढे माह्यावर इसंबून घरात जाऊ नोका. आमचा धक्का असो नाही त नसो, भांडं वाजलं की बाहेर." एक जण चिडून उठला, "मंग तुमच्या नळ्याइचा आमाले काय फायदा?" सर म्हणाले, "काहीच नाही, भाऊ." मला ते ऐकवलं नाही.

वरच्यांनी त्यांना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यांच्या मते काही घडलंच नव्हतं. पण सरांना ती खुर्ची सोसेना. वेळेआधीच निवृत्ती घेऊन ते काकूंसह संग्रामपूरला, आपल्या गावी निघून गेले. निघताना मी पाया पडले. "तुले भेव वाटते काय वं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, खूप वाटतं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मंग लोकाइले 'हो' म्हणाची घाई करशीन नाही," एवढंच बोलले आणि गाडीत बसले.

आता ती खुर्ची माझी आहे. त्यांच्यानंतरच्या हिवाळ्यात दणके पुन्हा यायला लागले, आणि एकदा आमचा धक्का चालू असताना सुभद्राबाईंच्या सुनेचा फोन आला. "ताई, भांडे वाजून राह्यले. तुमचंच व्हय ना?" तिच्या आवाजात थंडी होती, झोप होती, आणि 'हो' ऐकायची आस होती. पडद्यावर आमचाच धक्का दिसत होता. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो आमचाच असतो. माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बाहेर ये. आत्ताच ये. फोन ठेवू नकोस, बोलत बाहेर ये."

ती कुरकुरत उठल्याचं ऐकू आलं. पोरीला हाक, सासूला हाक, दाराची कडी. मग फोनमधून असा आवाज आला की मी फोन कानापासून दूर धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा नुसती खोकल्याची उबळ होती, आणि एक लहान मूल जोरजोरात रडत होतं. ते रडणं ऐकून मी टेबलावर डोकं टेकलं.

चुलीकडचं अर्धं धाबं खाली आलं होतं. टेकडीच्या नोंदीवर तो दणका उमटला होता, आमचा नव्हता. मी जाऊन बघून आले आणि तिथूनच, मातीच्या ढिगाऱ्याशेजारून, सरांना संग्रामपूरला फोन लावला.

"आत कोणी नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. तिघी बाहेर होत्या."

"नीट पाह्यलं ना वं?"

"माझ्यासमोर उभ्या आहेत, सर. पोरगी बिस्कीट खातेय."

मी हॅलो हॅलो करत राहिले. मग काकूंनी फोन घेतला. "काय सांगतलं वं तू यायले?" त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. "एवढे वर्सं संसार केला, भेताना रोज पाह्यलं. असे रडताना नाही पाह्यलं कधी."