मागच्या चाकाचा आकडा आणि श्रीपालअण्णा

श्रीपालअण्णा मगदूम यांची आणि माझी पहिली भेट शिरोलीच्या त्यांच्या गॅरेजमध्ये झाली, आणि ती दुःखाच्या निमित्ताने झाली. माझ्या पत्नीच्या मणक्याला दुर्धर व्याधी जडली होती. उपचारांसाठी तिला पुण्यास न्यावे लागे. भार वाढला की हवेच्या फुग्यांनी आपोआप समतल होणारी गाडी चिरंजीवांनी त्यासाठीच घेऊन दिली होती. परंतु ती मागे उजवीकडे खचू लागली, आणि प्रत्येक खड्डा पत्नीच्या पाठीत जाऊ लागला. एके ठिकाणी फुगा बदलून झाला. गुण आला नाही. स्कॅनर तर एकही दोष दाखवीत नव्हता.

अण्णा दोषांच्या यादीपाशी थांबलेच नाहीत. त्यांनी चारही चाकांच्या उंचीचे चालू आकडे पडद्यावर आणले आणि दोन धिप्पाड कारागिरांना मागे बसवले. डावीकडचा आकडा झरझर उतरला. उजवीकडचा जागचा हलला नाही.

"भार पडला की आकडा हललाच पाहिजे, शास्त्रीबुवा. जो हलत न्हाय, त्यो मेला."

"पण यंत्र तर सारे ठीक म्हणते."

"त्येला बापड्याला सेन्सर सांगंल त्येच खरं. तुमचं पोथीचं असतंय तसं!"

कारागीर हसले. मीही हसलो, पुष्कळ दिवसांनी. उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी गंजून अडकली होती. गाडी खचली तरी यंत्राला ती समतलच वाटे, आणि ते फुग्यात हवा भरत नसे.

नवा सेन्सर बसला. तरीही, गाडीत नेहमी बसणारे माणूस बसवून आकडे पाहिल्यावाचून गाडी सोडायची नाही, हे अण्णांचे व्रत. म्हणून पत्नीला नेले. ती उजव्या बाजूस टेकली. कारागिरांना बसवून पाहिले तेव्हा झरकन उतरलेला नव्या सेन्सरचा आकडा आता जेमतेम हलला.

पुन्हा बिघाड झाला, असे मला क्षणभर वाटले. मग उमगले, तिच्या अंगात भारच तेवढा उरला होता. अण्णांनी पडदा हळूच तिच्यापासून फिरवला.

"काय हो अण्णा, गाडीला मी कळले का?" तिने विचारले.

"कळलं की वैनी! मालकीण बसल्याली गाडीला कळणार न्हाय व्हय?"

अण्णा असत्य बोलले नाहीत. आकडा हलला होता. सत्य आणि प्रिय यांचा असा अवघड मेळ मी ग्रंथांबाहेर क्वचितच पाहिला.

पुढे मोजकेच प्रवास तिच्या वाट्यास आले. ते तिने न कण्हता केले. तेराव्याला अण्णा आले, भिंतीशी बसून राहिले आणि मग उठून गेले.

आज अण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले. आजारपणाने ते फार वाळले आहेत. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी वाढलेले ताट तसेच परत येते, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. शतायुषी व्हा, असे म्हणण्याची रीत आहे. पण व्याधीतले आयुष्य घरात पाहिल्यामुळे माझी जीभ तेथे अडखळते. आई अंबाबाईपाशी माझे मागणे आधी एवढेच, की अण्णांना भूक लागो आणि खाल्लेले अंगी लागो. वर्षे त्यानंतर तिने आपल्या हाताने, हवी तितकी त्यांच्या पदरात घालावीत.