हिरडीच्या आधी वाकणारी काडी

जेवण झालं की हरिहरकाकांची ओसरीवर ब्रह्मानंदी टाळी लागायची. दात कोरता कोरता ते कुठे पोचायचे कोण जाणे. मी त्यांची पुतणी, शिकायला म्हणून नौपाड्यात त्यांच्याकडे राहिलेली. हाक मारली की परत यायला ते पाच मिनिटं घेत, आणि मला राग यायचा. खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

लग्नाच्या वर्षी काकांनी सोनाराकडून चांदीची दोन दातकोरणी घडवून घेतली होती, एक स्वतःला आणि एक प्रमोदिनीकाकूला. दोन्ही वेळच्या जेवणानंतर ती वापरलीच पाहिजेत, असा त्यांचा प्रेमळ जुलूम होता.

बावन्न साली काकूच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पुढचे दोन दात हलायला लागले. दातांचे डॉक्टर म्हणाले, "हे धातूचं टोचणं आधी बंद करा. हिरडीच्या आधी जे वाकेल, तेच दातांत घालायचं. महिन्याभरात रक्त थांबलं नाही, तर दोन्ही दात काढावे लागतील."

काकू रडली. काकांनी मात्र डॉक्टरांचं ते वाक्यच उचललं आणि त्याच तंद्रीत राहिले. कचेरी सुटली की मासुंदा तळ्याच्या पायरीवर बसून एकेक वस्तू आधी स्वतःच्या दातांत घालून बघायचे. बाभळीचा काटा वाकेना. आगकाडी मोडून आतच राहायची. पत्रावळीची पानं टाचायची बांबूची चोय तर सुरीसारखी. पाण्यावरचं ऊन हळूहळू पिवळं व्हायचं, विझायचं, लोक उठून घरी जायचे, आणि काका तोंडात बोट घालून बसलेले. त्यांना बोलवायला गेलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आठवड्याने उत्तर सापडलं ते आमच्याच परसात. काखेत कळसा नि गावाला वळसा. कडुलिंबाच्या पानाचा मधला देठ! ओला असला तर लुळा पडे, पण दोन दिवस सावलीत सुकवला की फटीत नीट शिरे आणि हिरडीला लागताच वाके.

महिना झाला. रक्त थांबलं, दात राहिले.

"आता किती बरं वाटतं," काकू म्हणाली. "ते चांदीचं पहिल्या दिवसापासून लागायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं केलेलंत. कसं बोलायचं?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला माझ्या लाजेची लाज वाटली. मग त्यांनी हळूच विचारलं, "अगं, आणखी काय काय सोसलंस?"

"जांभळी लुगडी," काकू म्हणाली.

दर दिवाळीला काका तिच्यासाठी जांभळं लुगडं आणत. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून लवकर आले आणि तिला दुकानात घेऊन गेले. तिथे ते एक शब्द बोलले नाहीत म्हणे. काकू पिवळं लुगडं घेऊन आली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बायकोला कुठला रंग आवडतो, ते काकांना त्या दिवशी कळलं.