सॅमच्या बाप्तिस्म्याचा रकाना

सुगुणाअक्कांनी कपाला हातही लावला नाही आणि आमच्या अँथनीभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला.

मुलीकडचा चहा घेतला म्हणजे बोलणी पुढे सरकली, अशी आपल्याकडची रीत. भाऊ भुसावळचे रिटायर लोको पायलट. त्यांची रीना आणि दीपनगरच्या वीज केंद्रातला इंजिनीअर सॅम यांचं जमलं होतं. भाऊ आमच्यासारखे कॅथलिक, सॅमचं घर मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं. मी चर्चची कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षिका. पोरांना शिकवायचं, लग्नाआधीचा कोर्स घ्यायचा, फॉर्म भरायचे. त्या दिवशी मला 'आपली बाजू नीट सांगायला' बोलावलं होतं.

सुगुणाअक्का सॅमची आई. सासर हैदराबाद, माहेर सोलापूर, त्यामुळे मराठी स्वच्छ. "आम्ही चहा घेत नाही हो," त्या हसून म्हणाल्या.

"मंग कॉफी ठेवतो." भाऊ उठलेच.

"कॉफीपण नाही. आमच्या धर्मात चालत नाही."

भाऊंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाई, चहाले नाही म्हणतेत, पोरीले काय हो म्हणतीन?"

मी त्यांना गप्प केलं. मॉर्मन लोकांत चहा, कॉफी, दारू वर्ज्य, हे मी वाचलं होतं. वाचलं म्हणजे कळलं, असा माझा तोपर्यंत समज होता.

बाहेर येऊन मी लग्नाचा फॉर्म काढला. "सॅमचा बाप्तिस्मा?"

"आठव्या वर्षी झालाय," अक्का म्हणाल्या.

"तो आमच्यात धरत नाहीत. या रकान्यात 'नाही' लिहावं लागेल. बिशपांचं डिस्पेन्सेशन, म्हणजे खास परवानगी आली की झालं काम."

किती सोपं करून सांगितलं, असं मला वाटलं. अक्का पदर सावरून उठल्या आणि सरळ बाहेर पडल्या. सॅम दारात थांबून हळूच म्हणाला, "टीचर, बाप्तिस्म्याला मला पाण्यात पप्पांनी उतरवलं होतं. ते आता नाहीत."

अरे देवा! गेलेल्या माणसाच्या हातचं काम मी एका शब्दात खोडून टाकलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी रीनाचा रडत फोन. अक्कांचा निरोप होता, जिथे सॅमच्या पप्पांना मान नाही तिथे मी लग्नाला उभी राहणार नाही. आणि आईशिवाय सॅम लग्न करणार नव्हता.

मी आमच्या फादरना सगळं सांगितलं. "नियम बरोबर सांगितलात," ते म्हणाले, "पण भाजीचा भाव सांगावा तसा सांगितलात. आता स्वतः जा."

रविवारी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, संपल्यावर रिक्षाने दीपनगरला सॅमचं घर गाठलं. डब्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. म्हटलं, आपल्या भरितापुढे कुणाचा राग टिकतो!

अक्कांनी डबा घेतला आणि झाकून ठेवला. "आज महिन्याचा पहिला रविवार. आमचा उपास असतो. पाणीसुद्धा नाही."

बोंबला! पुन्हा तेच. मला हसूच फुटलं, आणि माझं बघून त्यांनाही.

"मग मीही करते," मी म्हटलं. "ईस्टरआधी तपकाळात आम्हीही उपास धरतो." पोटात कावळे ओरडत होते, पण आता माघार कशी घेणार!

आधी माफी मागितली. मग म्हटलं, "त्या दिवसाचं सांगा ना." अक्का सांगू लागल्या. बापलेक दोघंही पांढऱ्या कपड्यांत. पोरगा पाण्याला घाबरलेला, बापाचा हात सोडेना. सांगताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"मग तो बाप्तिस्मा खोटा कसा?" त्यांनी थेट विचारलं.

"खोटा नाही म्हणत. बाप्तिस्मा देताना म्हणायचे पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे शब्द आपले सारखेच. पण तिघे मिळून एकच देव असं आम्ही मानतो, तुम्ही तिघांना वेगवेगळं मानता. म्हणून आमचं चर्च म्हणतं, हा तोच संस्कार नव्हे. हे मी गोड करून सांगणार नाही. पण बापाने मुलाला देवाकडे नेलं, ते कुठल्याच फॉर्मने पुसलं जात नाही."

अक्का म्हणाल्या, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"अक्कल नव्हती."

यावर त्या खळखळून हसल्या. मग त्यांचा प्रश्न, तुम्ही मरियेकडे मागणं का मागता? मी म्हटलं, "बापाकडे शब्द टाकायला आपण आईलाच पुढे करतो की नाही?"

"ते बाकी खरं. पण मी आपली थेट बापालाच विचारते!"

ना मी त्यांना कॅथलिक केलं, ना त्यांनी मला मॉर्मन. दिवेलागणीला डबा उघडला तेव्हा अक्कांनी भरीत दोनदा वाढून घेतलं. लग्नाला येते, असं मी निघताना त्या म्हणाल्या.

बिशपांची परवानगी आली. लग्न चर्चमध्येच झालं, फक्त मिस्सा नव्हती. अशा लग्नात शास्त्रवाचन आणि लग्नविधी एवढंच करतात. अक्का पहिल्या बाकावर, शेजारी मी. प्रार्थनेच्या वेळी फादर म्हणाले, "सॅमच्या वडिलांची आठवण करूया. त्यांनी याला लहानपणी हात धरून देवाकडे नेलं." अक्कांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. सॅम रडत रडत हसत होता, भाऊ तर हुंदकेच देत होते. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, पुढच्या गाण्यात मी एक अख्खं कडवं गाळलं.

रकान्यात 'नाही'च लिहिलंय. नियम बदललेला नाही. फक्त फॉर्म मी आता नंतर काढते. आधी विचारते, "देवाची ओळख तुम्हाला कुणी करून दिली?" उत्तर ऐकण्यात कधी कधी अर्धा दिवस जातो. जाऊ दे.