ऐनाचा शेंडा

भाताची रोपं पेरण्याआधी जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्यांसाठी काका ऐनाच्या झाडावर चढला होता. कोयता सपासप चालला आणि झाड पार उघडं पडलं. शेंड्याला तेवढा एक हिरवा झुबका राहिला.

"तो कशाला ठेवलास?" मी खालून विचारलं.

"तो झाडाचा. आपलं आपण घेतलं ना?"

शेजारी गेल्या खेपेला असाच शेंडा राखून छाटलेला ऐन पुन्हा गच्च भरून आला होता.

आमचं हे सामाईक रान विकू या, असं सांगायला मी शहरातून आलो होतो. सातबाऱ्यावर अर्धा मालक मी. पण झाडाकडून किती घ्यायचं, ते सातबाऱ्यात कुठे असतं?

काका खाली उतरला. विकायचं बोलणं राहिलंच, पुढच्या ऐनावर चढायला मी कोयता मागितला.

"घे," तो म्हणाला, "पण शेंडा सोड."