गौरीचा निळा पाय

मित्रांनो, हसू अजून आवरत नाही.

आज अंजूरला घोड्यांचं प्रदर्शन होतं. आमची तांबडी घोडी गौरी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं. पण मागचा एक पाय लिदीने पिवळा पडलेला. तो पांढरा दिसला नाही, तर तिला पंचकल्याणी कोण म्हणणार?

सकाळी साबणाने घासूनही डाग जाईना. मग कपड्यांची नीळ लावली, ती जरा जास्तच झाली. पाय चक्क निळा!

बायको दारातून ओरडली, "अवो, घोडी हाय ती, तुमचा लेंगा न्हाय!" मग तिनेच ताक आणलं. दोघांनी खूप चोळलं, तरी निळसर झाक राहिलीच.

मैदानात परीक्षक वाकून पाय बघू लागले. मी देवाचं नाव घेतलं आणि खरं ते सांगून टाकलं. ते खळखळून हसले. म्हणाले, "पाय पांढराच आहे हो. पण एवढ्या गर्दीत ही इतकी शांत कशी?"

दुसरा नंबर मिळाला!

रंग देवाने दिला, तसा हा स्वभावही त्यानेच दिला. स्वभावाला मात्र काही घासावं लागलं नाही. तुमच्याकडे आहे का असं एखादं जनावर, तुमचा वेडेपणा निमूट सोसणारं?