कुंची मामानं शिवली होती

मंडळी, गेवराईहून आत्ताच घरी आलोय. डोकं तापलंय, म्हणून लिहितो.

आज धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. मी पिकअप चालवतो, आज इथं तर उद्या तिथं. पण शिवणाचा नाद लई. माझ्या पोरीची सगळी झबली मीच शिवली. भाच्याची कुंचीपण मीच शिवली, मांजरसुंब्याला माल उतरेपर्यंत गाडीत बसून. तिथली रबडी खाल्ली का कुणी? असू द्या, भरकटलो.

कुंची घातलेलं बाळ बघून बहिणीच्या सासूनं विचारलं, "कुणी शिवली गं?"

बहीण माझ्याकडं न बघता म्हणाली, "वहिनीनं."

सासू लगेच माझ्या बायकोला, "पोरी, एवढ्या बारीक चुण्या कशा घातल्यास?"

बायकोला साधं बटन लावता येत न्हाई. म्हणाली, "सवय हाय हाताला."

मी तिथंच उभा, हातात घुगऱ्यांचं ताट.

नंतर बहिणीला गाठलं. "दादा, रागवू नको रे. भाऊ सुईदोरा घेऊन बसतो म्हणल्यावर सासरचे हसतील मला."

हिच्याच बाहुलीचे कपडे शिवून मी शिकलो. तेव्हा गल्लीभर सांगत फिरायची, "माझ्या दादानं शिवलं."

निघताना हळूच म्हणते, "थंडीसाठी एक झबलं शिवशील ना?"

मी गाडी चालू केली. पण बाळाला घेतलं तेव्हाच वितीनं माप घेतलंय.

झबलं तर शिवीन. पण तिनं परत वहिनीचंच नाव सांगितलं तर काय करू, ते तुमी सांगा.